रोज चालवायची जुनी परफॉर्मन्स कूपे संथ वेगातच पारखावी

नोव्हेंबर २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूची एम२ कॉम्पिटिशन ही परफॉर्मन्स कूपे, म्हणजे दोन दारांची वेगवान गाडी, भारतात आली तेव्हा तिची शोरूममधील किंमत ७९ लाख ९० हजार रुपये होती, आणि पुढच्या मार्चमध्ये आलेल्या मर्सिडीज-एएमजी सी४३ कूपेची ७५ लाख. आज ज्या पैशात नवी, साधी आलिशान सेडान येते, त्याच पैशात किंवा त्याहून कमीत या गाड्या जुन्या बाजारात दिसतात. साहजिकच मोह होतो, आणि तो होण्यात गैर काही नाही; अशा गाडीत रोज कामावर जाण्याचे सुख खरेच मोठे आहे. मात्र गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या ब्रेक डिस्कची, डॅम्परची (धक्के जिरवणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरची) किंवा टर्बोची (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या भागाची) किंमत उतरत नाही. ते सुटे भाग आजही पाऊण कोटीच्या गाडीचेच असतात आणि बिलही त्याच दराने येते. म्हणून निवड करताना चुकायला फारशी जागा उरत नाही.

बहुतेक लोक अशी गाडी बघायला गेले की द्रुतगती मार्गावर नेतात, एकदा ताणून बघतात आणि खूष होऊन परत येतात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. चारशे अश्वशक्तीची गाडी वेगात चांगली वाटणारच. तिथे तिच्यातले जवळजवळ सगळे दोष वारा आणि एक्झॉस्टच्या आवाजाखाली दडून जातात. रोजचे चालवणे होते ते ताशी १० ते ४० किलोमीटरच्या दरम्यान, सोसायटीच्या रॅम्पवर, गतिरोधकावर आणि सिग्नलच्या रांगेत. सर्वांत खर्चिक बिघाडांची कुणकुण लागते तीही याच संथपणात. त्यामुळे गाडी निवडण्यापासून ती तपासण्यापर्यंत हा एकच निकष धरून चालावे, असे मी सुचवीन.

आधी गिअरबॉक्स, मग इंजिन

या वर्गातल्या गाड्यांची तुलना करताना लोक अश्वशक्तीचे आकडे पाठ म्हणून दाखवतात. रोजच्या वापरासाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ऑइलमधून ताकद पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर आहे की घर्षणाने पकडणारे दोन क्लच, म्हणजे ड्युएल क्लच. एम२ कॉम्पिटिशन आणि तिच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे एफ८२ पिढीच्या एम४ ची, सात गिअरची ऑटोमॅटिक पेटी ड्युएल क्लचची आहे. मोकळ्या रस्त्यावर ती विलक्षण चपळ असते. पण वीस मिनिटे रांगत जाणाऱ्या वाहतुकीत तिचे क्लच सतत अर्धवट पकडत राहतात, तापतात, आणि पहिल्या गिअरमध्ये बारीक धक्के जाणवू लागतात. याउलट सी४३ ची नऊ गिअरची पेटी आणि २०१८ साली आपल्याकडे आलेल्या ऑडी आरएस५ कूपेची आठ गिअरची पेटी टॉर्क कन्व्हर्टरच्या आहेत. २०२२ पासूनच्या एम४ कॉम्पिटिशनमध्ये तर खुद्द बीएमडब्ल्यूनेही ड्युएल क्लच सोडून आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर घेतला. हिंजवडीच्या किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या गर्दीत ज्याला रोज तासभर घालवायचा आहे, त्याने ही गोष्ट इंजिनाच्या आकड्यांच्या वर ठेवावी.

दुसरा प्रश्न सस्पेन्शनचा. एम२ कॉम्पिटिशनचे डॅम्पर एकाच कडकपणाचे आहेत. बटण दाबून ते मऊ करता येत नाहीत. गुळगुळीत रस्त्यावर हीच गाडी मला या सगळ्यांत जास्त आवडते, ४१० अश्वशक्ती, मागची चाके आणि आटोपशीर बांधा यांचा असा मेळ दुसरीकडे नाही. पण पावसाळ्यानंतरच्या पुण्यात तीच गाडी घरातल्या मोठ्या माणसांना नकोशी होते. सी४३ चे डॅम्पर बदलते आहेत, चारही चाकांना ताकद मिळते, आणि ३९० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन कमी फेऱ्यांतही ५२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, देते. घरात एकच गाडी असेल आणि तीच कूपे असणार असेल, तर माझा कौल सी४३ ला आहे. आरएस५ तिच्याहून वरचढ आणि अधिक ऐसपैस आहे, डिकीही ४६५ लिटरची आहे. फक्त त्या गाडीवर ऑडीचे डायनॅमिक राइड कंट्रोल बसवलेले असेल, तर चारही डॅम्पर ऑइलच्या गळतीसाठी बारकाईने पाहावेत, कारण ते एकमेकांना हायड्रॉलिक नळ्यांनी जोडलेले असतात आणि त्यांचे काम साध्या डॅम्परच्या हिशोबात बसत नाही.

पोर्शची ७१८ केमन उत्तम गाडी आहे, पण तिला मागची सीटच नाही. घरात दुसरी गाडी असेल तरच तिचा विचार करावा. फोर्ड मस्टँग २०१६ साली ६५ लाखांना आली होती, आणि तिच्या पाच लिटरच्या व्ही८ इंजिनाचे चाहते आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, त्यामुळे सुटे भाग कोण आणि किती दिवसांत आणून देतो, याचे उत्तर हातात आल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

टेप घेऊन पार्किंगमध्ये जावे

गाडी पाहायला जाण्याआधी स्वतःचे पार्किंग पाहून घ्यावे, हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण अनेकांचा घोटाळा इथेच होतो. एम२ कॉम्पिटिशन १,८५४ मिलिमीटर रुंद आहे आणि नव्या पिढीची एम४ १,८८७ मिलिमीटर. कूपेला दोनच दरवाजे असल्यामुळे ते लांब असतात, आणि शेजारी एसयूव्ही लागली की उतरताना दार जेमतेम वीतभर उघडते. खांबांमधले अंतर मोजावे. शेजारची गाडी नेहमीच्या जागी उभी असताना आपल्याला खरोखर उतरता येईल का, हे पाहावे. यांत्रिक स्टॅक पार्किंग असेल तर त्यावर लावलेल्या पाटीवरची रुंदी आणि वजनाची मर्यादा वाचावी.

रॅम्प कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते दोन टोकाचे कोन महत्त्वाचे आहेत. चढाची सुरुवात एकदम होत असेल तर पुढच्या बंपरचा ओठ घासतो, आणि माथ्यावर टोकदार उंचवटा असेल तर पोट टेकते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, आणि तसा तो असेल तर यांतली कोणतीही गाडी तिरकी न करता निघून जाते. आपल्या गल्लीतला गतिरोधक मात्र बहुधा रातोरात घातलेला, अर्ध्या मीटरचा डांबराचा बांध असतो. म्हणून विक्रेत्याची परवानगी घेऊन गाडी एकदा आपल्या घरापर्यंत आणावी. घरातली जी मंडळी मागे बसणार आहेत, त्यांना त्या दिवशीच बसवून पाहावे. सत्तरीच्या आईला पुढची सीट सरकवून मागे शिरायला किती त्रास होतो, हे शोरूममध्ये उभे राहून कळत नाही.

थंड इंजिन आणि पहिला मिनिट

विक्रेत्याला आदल्या दिवशी स्पष्ट सांगावे, की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. एका कूपेसाठी मी सकाळी साडेआठला एका तळघरातल्या पार्किंगमध्ये पोहोचलो, तेव्हा रखवालदाराशेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, "या साहेब, एसी लावून ठेवलाय, गाडी एकदम तयार आहे." बोनेटवर हात ठेवला तर पत्रा गरम होता. मी चहा घेतला, गाडीचे कौतुक केले, कागद चाळले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे न कळवता परत गेलो. या वेळी बोनेट थंडगार होते. इंजिन सुरू होताच डावीकडच्या एक्झॉस्टमधून निळसर धूर आला आणि अर्धा मिनिट येत राहिला. तळघरात जळक्या ऑइलचा वास भरला. आदल्या दिवशी गरम इंजिनात याचा मागमूसही नव्हता. टर्बोच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रभर ऑइल झिरपत असले, की नेमके असे होते. मग टर्बो उतरवावा किंवा इंजिन उघडावे लागते. मी ती गाडी सोडली, आणि गाडी मनात भरली होती म्हणून दुःखही झाले.

पहिल्या मिनिटात बोनेट उघडे ठेवून कानाने काम घ्यावे. सी४३ च्या घराण्यातल्या व्ही६ इंजिनांत थंड असताना दोन-तीन सेकंद साखळीची खडखड ऐकू आली, तर व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या टायमिंग साखळीला ताण देणाऱ्या भागांकडे बोट जाते. एम२ कॉम्पिटिशन आणि एफ८२ एम४ मध्ये असलेल्या एस५५ इंजिनाची जी गोष्ट सर्वांत जास्त चर्चिली जाते, ती क्रँक हबची. त्यात टायमिंगचा गिअर क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, खिळीने अडकवलेला नसून एका मोठ्या बोल्टच्या दाबाने धरलेला असतो, आणि तो सरकला तर टायमिंग बिघडते. हा बिघाड सगळ्याच इंजिनांत होतो असे मुळीच नाही; पण ज्या गाड्यांचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) ट्यून करून टॉर्क वाढवला आहे त्यांच्यावर हा ताण जास्त येतो. म्हणून माझा नियम साधा आहे: ट्यून केलेली गाडी रोजच्या वापरासाठी घेऊ नये. "परत स्टॉक करून देतो", म्हणजे मूळ स्थितीत आणून देतो, हे वाक्य ऐकले, तर ती गाडी कशी चालवली गेली असेल याचे उत्तर मिळालेच.

रांगत चालवून पाहावे

आता खरी चाचणी. सकाळी नऊच्या गर्दीत, रेडिओ बंद, काच उतरवलेली, एसी चालू. ब्रेकवरून पाय सैल करून गाडीला आपोआप पुढे सरकू द्यावे, पुन्हा थांबवावे, आणि असे वीस वेळा करावे. ड्युएल क्लचची गाडी निरोगी असेल तर हलका झटका देईल, पण थरथरणार नाही. मग रॅम्पवर उलट्या गिअरमध्ये हळूहळू वर न्यावी. क्लच झिजत आले असतील तर इथे जळका वास येतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत दुसऱ्यातून पहिल्यात उतरताना ठोका बसतो का, ते पाहावे.

मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालण्याच्या वेगाने गोल फिरवावी. या पिढीच्या, उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या फोरमॅटिक (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) मर्सिडीजमध्ये पूर्ण वळणावर पुढचे टायर उड्या मारल्यासारखे घसटतात. तो दोष नव्हे, रचनेचा स्वभाव आहे, आणि तो पाहून घाबरू नये. परंतु कट्-कट् असा धातूचा आवाज आला, किंवा खडबडीत रस्त्यावर एकाच कोपऱ्यातून ढब-ढब ऐकू आले, तर सस्पेन्शनमधले बुश, लोअर आर्म किंवा डॅम्परचे माउंट गेलेले असतात. शेवटी अर्धा तास गाडी उभी ठेवून इंजिन आणि एसी चालू ठेवावे. रेडिएटरचा पंखा लागतो का, तापमान स्थिर राहते का, आणि बोनेटपाशी कूलंटचा गोडसर वास येतो का, या तीन गोष्टींत बरेच कळून येते.

लिफ्टवर

जिथे त्या ब्रँडची गाडी रोज उघडली जाते, अशाच गॅरेजमध्ये तपासणी करावी आणि त्याचे पैसे आनंदाने द्यावेत. गाडी लिफ्टवर असताना आधी पोटाखालचे प्लास्टिकचे आवरण पाहावे. ते फाटलेले, तारेने बांधलेले किंवा गायब असेल, तर गाडी टेकत-घासत चालली आहे. मग प्रत्येक चाक हाताने फिरवून रिमची आतली कड पाहावी. एम२ कॉम्पिटिशनला पुढे २४५/३५ आर१९ आणि मागे २६५/३५ आर१९ टायर येतात; यातला ३५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ३५ टक्के. इतक्या कमी उंचीचा टायर खड्ड्यात गेला की मार थेट रिमला बसतो, आणि तो बाहेरून न दिसता आतल्या बाजूला वाकतो किंवा तडकतो. वाकलेले रिम फिरताना लचकते, ते डोळ्यांना दिसते. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नमुन्याचे असावेत, विशेषतः चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत, कारण झिजेतला फरक ट्रान्सफर केसवर (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर) ताण आणतो. नवा संच लाखाच्या पुढे सहज जातो, तेव्हा जुने टायर हा भाव कमी करण्याचा रास्त आधार आहे.

पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल मी थोडे अधिक लिहितो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली. अशा प्रत्येक पुरानंतर आलिशान गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात पोहोचतात. कार्पेट नवे घालता येते, सीटचे चामडे चकचकीत करता येते. पण सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून पाहावा. गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या भागावर गाळाची आडवी रेघ राहून जाते आणि ती पुसायचे बहुतेकांना सुचत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या चिमट्यांवरचा हिरवा गंज आणि डिकीच्या तळाचा कोपरा हे बॅटरीच्या उजेडात पाहावेत. एवढ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गाडीत पाणी शिरले असेल, तर कोणत्याही भावात ती स्वस्त नाही.

कागद

चासी क्रमांकावरून कंपनीच्या वर्कशॉपमधली पूर्ण सर्व्हिस नोंद काढून घ्यावी. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना साधारण २,००० किलोमीटरवर एक रनिंग-इन सर्व्हिस सक्तीची असते, त्यात इंजिनाचे आणि डिफरन्शियलचे (दोन बाजूंच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचे) ऑइल बदलतात. ती नोंद आहे का, हे मी सगळ्यात आधी बघतो, कारण पहिल्या मालकाने ती चुकवली असेल तर पुढची काळजी त्याने घेतली असेल यावर माझा विश्वास बसत नाही. मीटर फिरवला आहे का, हे सर्व्हिसच्या नोंदी आणि स्कॅनर लावून वेगवेगळ्या कंट्रोल युनिटमध्ये साठलेले किलोमीटर यांची जुळणी केली की उघड होते.

परराज्याच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते, कारण तिच्यावर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो. आयात केलेल्या आणि कंपनीच्या नावावरच्या गाड्यांना आपल्याकडे एकरकमी कर २० टक्के आहे, आणि या कूपे बहुतेक आयातच असतात. गाडीचे वय पाहून ती रक्कम कमी होते. तरी आरटीओतून नेमका आकडा काढल्याशिवाय इसार देऊ नये. आधीच्या राज्यातला कर परत मिळवणे हे वेगळे आणि वेळखाऊ काम आहे. परराज्यातून आणताना फॉर्म २८ ची एनओसी, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ लागतो. गाडी कंपनीच्या नावावर असेल, आणि या वर्गात तसे फार आढळते, तर सही करणाऱ्याला विक्रीचा अधिकार देणारा ठराव मागून घ्यावा. थकलेले चलान वाहनाच्या सरकारी पोर्टलवर दिसतात.

घेतल्यानंतर

व्यवहार होण्याआधीच, किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी वेगळी काढून ठेवावी. हा माझा स्वतःचा हिशोब आहे आणि तो मला कधी जास्त वाटलेला नाही. नोंदी काहीही म्हणोत, इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल तसेच ब्रेकचे ऑइल एकदा बदलून घ्यावे. पुढे इंजिन ऑइल वर्षाला किंवा १०,००० किलोमीटरला. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामागचे लेबल वाचावे. या इंजिनांना किमान ९५ ऑक्टेन हवे असते, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे साधे पेट्रोल मिळते, तेव्हा आपली गाडी त्यासाठी बनली आहे का, हे लेबलवरून आणि कंपनीकडून पक्के करावे. शहरात लिटरला ५ ते ७ किलोमीटर धरून चालावे. एम२ ची टाकी ५२ लिटरची आहे, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी पंपावर जाणे आलेच.

विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. पावसाळ्यासाठी इंजिन संरक्षणाचे जादा कलम जरूर घ्यावे, कारण साध्या पॉलिसीत पाणी शिरून झालेले इंजिनाचे नुकसान बहुधा बसत नाही. आणि जूनमध्ये साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडलीच, तर स्टार्टचे बटण पुन्हा दाबू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. दारे उघडून बाहेर पडावे, गाडी ढकलून कडेला घ्यावी, आणि फ्लॅटबेड ट्रक बोलावून तशीच वर्कशॉपला पाठवावी.